मापाची झोप

खामगावच्या फकीर मोहम्मद पिंजाऱ्याच्या घरात दोन धंदे चालायचे आणि दोन्ही झोपेचेच होते. खाली दुकानात बाप गाद्या-रजया भरायचा आणि वरच्या खोलीत त्याची लेक मलिहा लोकांना झोपवायची. बापाच्या गादीवर माणूस निदान स्वतःच्या अंगानं तरी आडवा व्हायचा. मलिहाच्या गिऱ्हाइकांना तेवढंही जमत नव्हतं. त्यांना झोपायला दुसरं अंग लागायचं, दुसरं जग लागायचं आणि त्यावर शांताताई लागायची.

शांताताई म्हणजे मलिहाच. 'निवांत' नावाचं एक संगणकातलं जग होतं. डोळ्यांवर हेडसेट चढवला की माणूस त्यात शिरायचा, हवं ते रूप घ्यायचा, हवं तिथं घर बांधायचा आणि आपलं खरं घर विसरायचा. त्या जगात मलिहानं पांढऱ्या साडीतल्या, सोज्वळ चेहऱ्याच्या, मध्यमवयीन बाईचं रूप घेतलं होतं. खामगावच्या मलिहा पिंजारीकडून मनःशांती विकत घ्यायला कोण येणार होतं? शांताताईकडे मात्र माणसं आपणहून यायची. ती त्यांचं दुखणं ऐकून घ्यायची आणि ज्याच्या त्याच्या मापाची संमोहनाची संहिता लिहायची. मग ती आपल्या आवाजात भरून गिऱ्हाइकाच्या तिथल्या घरात ठेवून द्यायची. गिऱ्हाईक डोळे मिटून ऐकायचं. आवाज त्याला हळूहळू खाली न्यायचा, अंग सैल करायचा आणि गुंगीत त्याला हवं ते त्याच्या कानात घालायचा.

आणि त्यांना हवं काय असायचं, तेही ऐकण्यासारखं होतं. नाशिकच्या एका बिल्डरला बायकोसमोर घसा कोरडा पडू नये असं वाटायचं. औरंगाबादच्या एका बाईंना गुलाबजाम पाहून किळस यायला हवी होती. एका प्राध्यापकाला आपण फार मोठे विचारवंत आहोत हे गुंगीत पुन्हा पुन्हा ऐकायचं होतं, कारण जागेपणी ते कोणी म्हणत नव्हतं. मलिहा सगळ्यांशी लोण्यासारखं मऊ बोलायची आणि माइक बंद केला की नाक मुरडायची. मानसशास्त्रात बीए करताना तिला वाटलं होतं की माणसाचं मन म्हणजे खोल विहीर असते. धंद्यात पडल्यावर कळलं, बहुतेकांचं घोट्याएवढं पाणी असतं आणि त्यातच ते बुडाल्याचा कांगावा करतात.

पुण्यात नोकरीला असलेला हर्षल आला तो दिवाळीनंतर. ज्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं बीटी बियाण्याच्या पाकिटांवरची सगळी छपाई खोटी पाडली, त्या वर्षीची दिवाळी. बुलडाण्यात जिकडेतिकडे पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, वरून हिरवीगार आणि आतून किडलेली होती. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी आरामात बसलेली. लोक कृषी केंद्रवाल्याच्या नावानं बोटं मोडत होते आणि कृषी केंद्रवाला कंपनीच्या नावानं.

'निवांत'मध्ये हर्षलनं स्वतःला चांगलं उंचपुरं आणि रुंद छातीचं करून घेतलं होतं. तो शांताताईला आपल्या जागेत घेऊन गेला. तिथं त्यानं वावर बांधलं होतं. पाच एकर असेल. धुऱ्याच्या बांधावर निंब, कोपऱ्यात विहीर, आणि सगळ्या शेतात कापूस असा फुटलेला की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. एकाही पानाला भोक नव्हतं. एकही माणूस नव्हता.

"हे आमचं शेत," तो अगदी धुतल्या पुणेरी मराठीत म्हणाला. "म्हणजे तिकडचं. मोताळा तालुक्यातलं धामणगाव बढे. तुम्हाला माहीत नसेल."

मलिहाला चांगलंच माहीत होतं. तिची मावशी, फातिमा खाला, धामणगावातच दिलेली होती. पण शांताताईला माहीत असण्याचं कारण नव्हतं, म्हणून शांताताईनं हसून मान हलवली.

"माझी आई एकटी असते तिथं. तानुबाई. वडील गेल्यापासून शेत तीच बघते. रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. पहिल्या वेचणीची सीतादही राहिली आहे, तेवढ्यासाठी ये म्हणते. आमच्यात पहिला कापूस वेचायच्या आधी शेतात पूजा असते. दही-भात शिंपडतात, कापूस दह्यासारखा पांढरा फुटावा म्हणून. ते दह्याचं मडकं लहानपणापासून मी धरत आलोय. मी गेल्याशिवाय ती वेचायला हात लावणार नाही. अशी हट्टी आहे ती."

"मग जाऊन या ना," शांताताई म्हणाली.

"नाही हो जमत. सुटीचा प्रश्न नाही. मला ते बघवणार नाही. बियाणं मीच सांगितलं होतं तिला. इंटरनेटवर वाचून, चार लोकांना विचारून. ती दुसरं घेत होती, मी फोनवर भांडून हेच घ्यायला लावलं. आता तिथं जाऊन ती किडलेली बोंडं बघायची… मी फार हळवा आहे, शांताताई. माझा स्वभावच तसा आहे."

मलिहाच्या कपाळाला आठी पडली. शांताताईच्या कपाळाला पडली नाही, तिला तशी सोयच नव्हती.

"तुम्हाला नेमकं काय हवंय?"

"तिचा फोन वाजला की माझ्या छातीत धडधडतं. ते थांबायला हवं. फोन वाजला तर मला काही वाटता कामा नये. बस, एवढंच."

एवढंच. मलिहानं आतापर्यंत पुष्कळ रडे पाहिले होते, पण आईची हाक ऐकू येऊ नये म्हणून माप देणारं हे पहिलंच गिऱ्हाईक होतं. स्वतःची कातडी वाचवण्याला हा हळवेपणा म्हणत होता. आई तिकडं अळीला खाऊ घालत याची वाट पाहतेय आणि हा इकडं फुटलेल्या खोट्या कापसात उभा राहून छातीवर हात ठेवतोय. तिला वाटलं, याला तिथल्या तिथं हाकलून द्यावं. मग वाटलं, हाकललं तर हा दुसऱ्या कुठल्या तरी गुरुजीकडे जाईल आणि तो गुरुजी याला हवं ते करून देईल. त्यापेक्षा आपणच याच्या मापाचं असं काही शिवावं की घालताच अंगाला टोचलं पाहिजे.

"करून देते," शांताताई गोड आवाजात म्हणाली.

बेत सोपा होता. गुंगीत याला त्याच्याच वावरात न्यायचं, विहिरीपाशी बसवायचं आणि तिथं त्याला खरीखुरी आई भेटवायची. मलिहाच्या आवाजातली नाही, खुद्द तानुबाईंच्या आवाजातली. अंग सैल पडलेलं, मन उघडं, आणि त्यात आईचा आवाज. दगड असला तरी फुटेल. शेवटी आई म्हणेल 'ये', आणि हा डोळे पुसत पुण्याच्या बसस्टँडवर पळेल. मलिहाला आपल्या कारागिरीवर भारी भरवसा होता. गिऱ्हाइकांना ती बावळट समजायची, त्यामुळे आपलंही कधी चुकेल हे तिच्या डोक्यात येत नव्हतं.

ती मोताळ्याच्या एसटीत बसली, तिथून काळीपिवळी धरून धामणगावला उतरली. फातिमा खालानं तिला चहा पाजला आणि तानुबाईंचं नाव काढताच कपाळावर हात मारला.

"पागल हो गई वो बुढिया. सारा गाँव बोल रहा, वेच ले, जो मिला सो घर में डाल. सुनतीच नहीं. बोले, पोट्टा आयेगा. अळी क्या पोट्टे के वास्ते रुकनेवाली है?"

तानुबाई वावरातच भेटल्या. धुऱ्यावर बसून पऱ्हाटीकडे पाहत होत्या. जिथं बोंडं उमलली होती तिथला कापूस लोंबून पिवळा पडायला लागला होता, आणि जी उमलली नव्हती त्यांना बारीक भोकं होती. मलिहानं एक बोंड तोडून फोडलं. आतली अळी वळवळली. तिनं ते पटकन फेकून दिलं.

"काकू, मी मलिहा. फातिमा खालाची भाची. खामगावहून आले. हर्षलदादांचं एक काम करते मी," ती म्हणाली.

एवढं ऐकताच तानुबाईंचा चेहरा उजळला आणि त्याच क्षणी मलिहाचं गणित चुकलं.

"माह्या पोरानं पाठवलं का तुले? मले वाटलंच होतं. त्याले सुटी नसन भेटत, म्हनून तुले पाठवलं. बस न वं. काय म्हनते तो? जेवते का टायमावर?"

मलिहानं खरं सांगायला तोंड उघडलं. पण काय सांगणार? की तुमच्या मुलाला तुमचा फोन वाजलेला नको आहे, म्हणून त्यानं मला नेमलंय? तिला ते जिवावर आलं. शिवाय तानुबाई खुशीत बोलल्या तर आवाज चांगला येईल, हा हिशेबही तिच्या मनात होताच. धंदेवाईक माणसाची दया अशीच असते. ती नुसती "हो" म्हणाली.

"त्यांना तुमचा आवाज ऐकायचाय, काकू. या फोनमध्ये बोला. मी त्यांच्यापर्यंत पोचवते. मनात असेल ते सगळं बोला. रागवायचं असेल तर रागवा."

"रागावू काऊन?"

"त्यांनीच तर बियाणं घ्यायला लावलं ना? आता येत नाहीत. तुमचं नुकसान होऊन राह्यलं."

"त्याच्या मनानं चांगलंच केलं होतं त्यानं," तानुबाई म्हणाल्या. "सगळ्याईच्याच वावरात पडली अळी. त्यानं काय आनून सोडली का? आन् इतक्या लांबून मी पोराले रागावाले बोलू? येड लागलं का मले?"

मलिहानं दोन-तीनदा डिवचून पाहिलं. बाई काही रागवेनात. त्या फोन दोन्ही हातांत धरून बोलत राहिल्या आणि मलिहा मनातल्या मनात चरफडत ऐकत राहिली.

"हर्सल, बापा, जेवला का रे? भाकर भेटते का तिथं? नाई भेटत तं भात खात जाय, पन उपाशी नको झोपू. वावराची फिकर नको करू. या सालची पऱ्हाटी गेली तं गेली, तुर बरी हाये. बियान्याचं मनाले नको लावून घेऊ, तुह्या त्यात काई कसूर नाई. तू लहान होता तवा दह्याचं मडकं धरून धुऱ्यानं चालाचा, अर्धं दही वाटंतच चाटून टाकाचा. तुह्या बाप हासे. मी तसंच विरजन लावून ठेवतो रोज. तू ये, बापा. एक दिवस ये न् जाय."

बोलून झाल्यावर त्यांनी फोन परत दिला आणि पदरानं तोंड पुसलं. रडल्या नव्हत्या, नुसता घाम होता.

खामगावला परत आल्यावर मलिहानं असं काही काम केलं की तिलाच स्वतःची शाबासकी द्यावीशी वाटली. सुरुवातीला शांताताईचा आवाज. पाय जमिनीला टेकू द्या, माती ओळखीची आहे, खांदे सैल सोडा. मग वावर, निंबाची सावली, विहिरीचा थंड काठ. मग शांताताई गप्प आणि तानुबाई बोलू लागतात. शेवटी पुन्हा शांताताई, अगदी हळू: डोळे उघडाल तेव्हा तुम्हाला कुठं जायचंय ते तुम्हाला ठाऊक असेल. मलिहानं ते हर्षलच्या त्या कापसाच्या वावरात ठेवून दिलं आणि खालाला फोन लावला.

"बोल देना काकू को, आयेंगे वो," ती म्हणाली. खालानं निरोप पोचवला. तानुबाईंनी वेचणीला बायाही सांगून ठेवल्या म्हणे.

आठवडा गेला. हर्षल धामणगावात उतरला नाही. त्याच्याकडून काही कळलंही नाही. मलिहा म्हणायची, हादरला असेल, सावरायला वेळ लागतोच. मग एके दुपारी त्यानं शांताताईला बोलावलं. तो त्याच्या वावरात विहिरीच्या काठावर पाय सोडून बसला होता आणि चांगला टवटवीत दिसत होता. अर्थात तिथं सगळेच टवटवीत दिसतात, पण आवाजही टवटवीत होता.

"शांताताई, तुम्ही जादूगार आहात," तो म्हणाला. "आईचा आवाज कुठून मिळवलात ते विचारत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ढसाढसा रडलो. खरं सांगतो. दुसऱ्या दिवशी थोडं कमी. आता रोज ऐकतो. काय झोप लागते म्हणून सांगू."

"आणि आईंचा फोन?"

"येतो ना. वाजतो. काही वाटत नाही. म्हणजे भेट झालेलीच असते ना रोज. ती म्हणते तुझा काही कसूर नाही, जेवून घे. आणखी काय हवं असतं माणसाला? मोकळा झालो मी."

मलिहा खुर्चीत ताठ बसली. तिनं टोचण्यासाठी शिवलेलं या माणसानं मऊ रजईसारखं अंगावर ओढून घेतलं होतं. त्याला माफी हवी होती, ती त्या बाईनं न मागता देऊन टाकली होती आणि मलिहानं ती त्याच्या उशाशी नेऊन ठेवली होती. आता त्याला घरी कशाला जायचं? त्याच्या ऑर्डरप्रमाणे माल बरोब्बर पोचला होता. आतापर्यंत तिनं एवढं चोख काम कुणाचंच करून दिलं नव्हतं.

"फक्त एक बारीकसा बदल कराल का?" हर्षल म्हणाला. "ते शेवटी 'तू ये, बापा' म्हणते ना, तिथं जरा झोप चाळवते. तेवढं काढून टाकता आलं तर बघा. बाकी सगळं अप्रतिम आहे."

मलिहानं शांताताईचा आवाज खाली ठेवला.

"काऊन बे," ती म्हणाली, "लाज नाई वाटत तुले? तिकडं बुढी दही लावून बसली, आन् तू इथं तिले कापून-छाटून ऐकतो? वावर किडून चाललं तिचं तुह्यापायी. तुह्यापेक्षा ते बोंडातली अळी बरी, ते निदान शेतात तं राह्यते."

हर्षल हसला.

"वा. बोली काय हुबेहूब जमलीय तुम्हाला," तो म्हणाला. "हेही घालायचंय का? नको पण. थोडं कडक वाटतं."

अशा माणसापुढे काय डोकं फोडायचं? मलिहानं त्याच्या वावरातून आपली संहिता उचलली, पार पुसून टाकली आणि संगणक बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती पुन्हा धामणगावला गेली. जाताना वाटेत तिला फार राग आला होता, आणि तो नुसता हर्षलचा नव्हता. तिला स्वतःचीही किळस आली होती.

तानुबाई घरी नव्हत्या, वावरात होत्या. धुऱ्यावर फडक्यानं तोंड बांधलेलं मडकं ठेवलेलं होतं. मलिहा समोर उभी राहिली आणि या खेपेला तिनं सगळं सांगितलं. हर्षलनं काय मागितलं होतं, तिनं काय करायचं ठरवलं होतं, आणि झालं काय. तो येणार नाही, हेही सांगितलं. शेवटचं 'तू ये, बापा' त्याला काढून हवं होतं, तेवढं सांगवेना, पण तानुबाईंनी खोदून विचारलं तेव्हा तेही सांगितलं.

तानुबाई पायाजवळची माती बोटांनी उकरत बसल्या.

"तुले काय वाटलं होतं," त्यांनी विचारलं, "तो ऐकून उठून येईन?"

"हाव."

"मलेबी तसंच वाटलं होतं."

"मी पुसून टाकलं ते, काकू. आता त्याच्यापाशी काही नाही."

तेवढ्यात तानुबाईंच्या कमरेच्या पिशवीतला फोन वाजला. रोज फोन त्या करायच्या. त्यांचा वाजायची वेळ येतच नव्हती. त्यांनी नंबर पाहिला आणि घाईनं फोन उचलला. कान जरा मंद झाला होता म्हणून त्या फोनचा आवाज मोठा करून बोलायच्या, त्यामुळे मलिहाला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं.

"आई, कशी आहेस? बरी आहेस ना?" हर्षल घाईघाईनं म्हणाला. "ऐक ना, तू मागं ते बोलली होतीस बघ, कुणाच्या तरी फोनमध्ये. जेवला का, कसूर नाही, मडकं, ते सगळं. ते गेलं माझ्याकडून. रात्रभर झोप नाही गं मला. परत एकदा बोलतेस का तसंच? मी रेकॉर्ड करतो. आता लगेच बोल."

मलिहाला वाटलं, आता तरी ही बाई त्याला धुऊन काढेल. निदान फोन तरी आपटेल. ती मनापासून त्याची वाट पाहू लागली.

तानुबाईंनी घसा साफ केला. त्या किडक्या पऱ्हाटीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, फोन दोन्ही हातांत धरला आणि बोलू लागल्या. हर्सल, बापा, जेवला का रे? भाकर भेटते का तिथं? वावराची फिकर नको करू. बियान्याचं मनाले नको लावून घेऊ, तुह्या त्यात काई कसूर नाई. मडक्याचं सांगितलं, वाटेतल्या दह्याचं सांगितलं, बापाच्या हसण्याचं सांगितलं. आवाज पहिल्यासारखाच मऊ होता, एक शब्द इकडचा तिकडं झाला नाही. विरजणापर्यंत आल्या आणि थांबल्या.

"झालं?" पलीकडून हर्षलनं विचारलं.

"झालं," तानुबाई म्हणाल्या.

त्यांनी फोन पिशवीत टाकला. मग मडक्याचं फडकं सोडलं, चार झाडांवर दही शिंपडलं, कमरेला वेचणीसाठी ओटी बांधली आणि पहिलं बोंड वेचलं.